डबा उघडला ते झाड

हे लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही. तरी समजा कुणाच्या हाती लागलंच, तर त्याला कळावं म्हणून आधी आमचं काम सांगते.

दुकानात तुम्ही द्राक्षाचा घड बघता तो मोकळा, लांबट, सगळे मणी एकसारखे. तुम्हाला वाटतं तो तसाच येतो. तसा येत नाही. झाडावर घड लागतो तेव्हा त्याला इतके मणी असतात की ते एकमेकांना ढकलत वाढतात आणि आतले सडून जातात. म्हणून मणी लहान असतानाच बारीक टोकाच्या कात्रीनं निम्म्याहून जास्त काढून टाकावे लागतात. याला विरळणी म्हणतात. घडाला ज्या छोट्या छोट्या फांद्या असतात त्या पाकळ्या. कुठली पाकळी ठेवायची आणि कुठली कापायची हे डोळ्यांच्या आधी बोटांना कळावं लागतं. कमी कापलं तर घड दाटतो. जास्त कापलं तर टकला होतो, आणि टकल्या घडाला कुणी विचारत नाही. एका झाडाला तीस-पस्तीस घड असतात. द्राक्षाची वेल असते हे मला माहीत आहे, पण बागेत तिला सगळे झाडच म्हणतात. एक झाड करायला एका बाईला पाऊण तास लागतो. मान वर, हात वर. पहिले चार दिवस मान दुखते, मग मान वेगळी आणि आपण वेगळे असं वाटायला लागतं.

मी मखमलाबादच्या बाजूला राहते आणि बावीस वर्षं हे काम करते. आमच्या टोळीत अकरा बाया. हिरामावशी मुकादम आहे, पण तीही कात्री घेऊन आमच्या बरोबरीनं कापते. थंडी पडली की सकाळी पिकअप येते आणि आम्हाला गिरणाऱ्याकडे, दिंडोरीकडे, कधी पार वणीपर्यंत नेऊन सोडते. अकरा ओळींत अकरा जणी उभ्या राहतो आणि सगळ्या एका चालीनं पुढे सरकतो. सगळ्यांचं पहिलं झाड बरोबर संपतं, मग सगळ्यांचं दुसरं. मांडवाखाली तोंडं पानांत असतात. कुणाचं तोंड कुणाला दिसत नाही, फक्त पाय दिसतात.

पाय दिसतात म्हणूनच मी तिथं बोलू शकले. एरवी मी किराणा दुकानात साखर मागितली आणि त्यानं मीठ दिलं तर मीठ घेऊन घरी येते.

पहिल्यांदा बोलले ते भांडणामुळं. दुपारच्या जेवणानंतर टोळीला आळस येतो, आळस आला की बाया बोलायला लागतात, आणि आमच्या सखूबाई बोलायला लागल्या की भांडण होतंच. त्या दिवशी भांडण कुणाच्या तरी शेळीवरून होतं आणि शेळीवाली टोळीत नव्हतीच. हिरामावशी वैतागून म्हणाली की हिचं तोंड कुणीतरी बंद करा. कुणीच काही करेना. मग पानांत तोंड घालून मीच म्हणाले, "एका घरी एक पाहुणा आला. तो कुणाचा पाहुणा, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं."

सखूबाई थांबल्या. मी पुढं सांगत गेले. नवऱ्याला वाटायचं तो बायकोच्या माहेरचा. बायकोला वाटायचं तो सासऱ्यांच्या गावचा. विचारायचं कसं, म्हणून कुणी विचारलं नाही. पाहुणा चार वर्षं राहिला. घरातल्या मुलीचं लग्न त्यानंच जमवलं. लग्नात दोन्हीकडच्या मंडळींनी त्याला आहेर केला आणि मांडव उतरल्यावर तो निघून गेला. मग त्या घराला करमेना. शेवटी बायको नवऱ्याला म्हणाली, तुम्ही कुणाकडं तरी जाऊन राहा.

अकरा कात्र्यांचा आवाज सोडून दुसरा आवाज नव्हता. झाड संपलं, गोष्ट संपली. त्या दिवसापासून दुपारच्या जेवणानंतरचं पहिलं झाड माझं.

एक झाड, एक गोष्ट, हे आपोआप ठरलं. एकदा मोठी गोष्ट लावून बघितली, सात दिवसांची. दुसऱ्या दिवशी आमची कमळ आली नाही, तिच्याकडे पाहुणे होते. तिसऱ्या दिवशी तिला राहिलेला भाग सांगायला पाच जणी धावल्या आणि पाच जणींनी पाच तऱ्हेनं सांगितला. एकीच्या सांगण्यात नायिका विधवा झाली, दुसरीच्या सांगण्यात नवरा फक्त येवल्याला गेला होता. दोन पार्ट्या पडल्या. मी म्हणाले की अगं, गोष्ट माझी आहे. कुणी ऐकलं नाही. तेव्हा समजलं की गोष्ट एका झाडात संपलेली बरी. ती संपूर्ण हातात येते, पदरात बांधून घरी नेता येते, आणि उद्या कुणी आलं नाही तरी तिचं काही अडत नाही.

गोष्टी मला कुठं मिळतात म्हणून विचाराल, तर एसटीत अर्ध्या ऐकलेल्या, आणि पुडी बांधून आलेल्या कागदांवर वाचलेल्या. शाळा चौथीपर्यंत झाली, पण वाचायला मला आवडतं. पुडीचा कागद नेमका चांगल्या ठिकाणी फाटलेला असतो. पुढचं आपलं आपण करावं लागतं.

सखूबाईंना शेवट आधी ओळखायची खोड. "नवऱ्यानंच चोरला आसंल," असं त्या मोठ्यानं सांगून टाकत. मग मला चालता चालता चोर बदलावा लागे. त्या चिडून म्हणत की ही लबाडी करते, पहिल्यांदा नवराच होता. खरंच नवरा असायचा.

एकदा मी काहीच न घडणारी गोष्ट सांगितली. माझी मावशी वणीला देवीला गेली. बस वेळेवर आली. पायऱ्या चढली, दर्शन घेतलं, पायऱ्या उतरली. कुणी मध्ये बोललं नाही. झाड संपलं तसं हिरामावशीनं विचारलं, "मग?"

"मग काही नाही. घरी आली."

"येवढं चढून गेली आन् काहीच नाय? बसमधी तरी काही व्हायचं."

त्या दुपारचं ते झाड सगळ्या बागेत सगळ्यात सुंदर कापलं गेलं होतं. मला ते दिसलं. त्यातलं शिकायचं होतं ते मी शिकले नाही.

आता अण्णांच्या बागेचं सांगते, ते सांगायलाच बसले आहे.

अण्णा गिरणाऱ्याकडचे बागायतदार. त्यांचा माल परदेशी जातो. माणूस कमी बोलणारा, पण झाडांशी बोलायचा. अकरा ओळींचा एक तुकडा होता तो त्यांनी स्वतः लावलेला, चौदा वर्षांचा. त्यातलं एकेक झाड त्यांना ओळखीचं. सकाळी आलं की ते माणसांच्या आधी झाडांकडं बघत.

त्या तुकड्यात नवव्या झाडाला आम्ही दुपारी लागलो. मी डब्याची गोष्ट काढली. सातपूरच्या कारखान्यात जाणारा एक माणूस. बायको रोज डबा भरून द्यायची. एक दिवस तिच्या लक्षात आलं की डबा जाताना हलका असतो आणि येताना जड. तिनं कांद्याच्या काट्यावर तोलून बघितला. खरंच जड. नवरा म्हणायचा, डबा खाल्ला. मग खाल्लेला डबा जड कसा? तो झोपलेला असताना तिनं डबा चुलीपाशी नेला आणि झाकणाला हात घातला.

इथं कात्र्या थांबल्या. मला आवाजावरून कळलं, पण मीच रंगात आले होते. झाकण उघडायला मी चार-पाच घडांचा वेळ लावला. बायांना मध्येच आठवे की आपण मजुरीवर आहोत, मग त्या न कापलेल्या घडावरून तशाच पुढच्या घडावर जात. डब्यात निघाली आमटी, दुसऱ्याच कुणाच्या हातची. बायकोनं बोट लावून चाखली. तिच्यापेक्षा चांगली होती. मग ती बाई दुसऱ्या दिवशी बस पकडून सातपूरला गेली, नवऱ्याच्या मागं मागं, ती कोण सटवी ते बघायला. आता कात्र्या अशा सुटल्या की विचारू नका. नवरा जेवणाच्या सुट्टीत एका खोलीत शिरला. बायकोनं दार वाजवलं. सखूबाई दोन ओळींपलीकडून म्हणाल्या, "विधवा आसंल, गोरी." दार उघडलं. आत हातात पळी घेतलेला एक मिशीवाला गडी उभा होता, नवऱ्याच्याच कारखान्यातला. त्याला तिच्या हातची भाजी आवडायची, ह्याला त्याच्या हातची आमटी. दोघं तीन वर्षं डबे बदलत होते आणि लाजेनं घरी सांगत नव्हते. बायकोनं पदर खोचला आणि आमटीत काय घालता म्हणून विचारलं.

बाया इतक्या हसल्या की मांडव हलला. आम्ही दहाव्या झाडाला गेलो आणि विसरलो.

बारा दिवसांनी दुसऱ्या कामासाठी त्याच बागेत गेलो, तर अण्णा डोक्याला हात लावून बसलेले आणि त्यांच्याबरोबर सर. सर म्हणजे बागायतदारांना सल्ला देणारे. तरुण, शिकलेले, खिशात मण्याची जाडी मोजायचा चिमटा. सगळ्या बागेत घड चांगले फुगले होते आणि नेमकी अकरा झाडं बिघडली होती. प्रत्येक ओळीतलं नववं. एका सरळ रेषेत, दोरी लावल्यासारखी. त्या झाडांवर काही घड गच्च दाटलेले आणि काही टकले, एकेका घडावर दहा-बारा मणी.

सर फार खुश होते. असं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी फोटो काढले, माती हुंगली. सांगितलं की जमिनीखालून काहीतरी आडवं गेलंय, त्यातून मुळांना रोग लागलाय आणि तो पुढं सरकणार. टकल्या घडांना ते मणीगळ म्हणाले. अकरा झाडं तोडा, तिथं चर खणा, म्हणजे बाकीची बाग वाचेल. कापलेल्या देठाचं टोक कुणी जवळून बघितलं असतं तर दिसलं असतं की मणी गळालेला नाही, कात्रीनं गेलाय. पण उत्तर आधी सापडलं की देठ कोण बघतं?

मी बघितलं. नवव्या झाडाखाली उभी राहिले आणि घडावरून गोष्ट वाचता आली. पहिले पंधरा घड सुरेख, तिथपर्यंत काट्यावर तोलणं चाललं होतं. मग पाच घड दाट, तिथं झाकण. मग सातपूरचा सगळा रस्ता टकला.

हिरामावशीलाही कळलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि डोळ्यांनीच गप्प म्हणाली. तिचंही खरं होतं. सांगितलं तर टोळीचं नाव जाईल आणि ह्या भागात पुन्हा कुणी बोलावणार नाही. मला तर गप्प राहायला निमित्तच लागत नाही. मी पानांत तोंड घातलं.

करवतवाला अकराच्या सुमारास आला. बॅटरीवरची करवत होती, चहा पिता पिता तिचा आवाज करून दाखवला. अण्णांनी पहिल्या ओळीतल्या नवव्या झाडाला हात लावला आणि पाठ करून उभे राहिले. चौदा वर्षांचं खोड जायला चहाचा कप संपायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. खोड तुटलं तरी झाड पडलं नाही. वरच्या तारांना धरून ते तसंच लोंबत राहिलं, घडांसकट.

मग करवत दुसऱ्या ओळीकडं वळली आणि मी बोलले. पानांतूनच, पण बोलले.

"ते झाड आजारी नाही. तिथं डबा उघडला होता."

करवतवाल्यानं करवत बंद केली. सर म्हणाले, कुठला डबा? अण्णा माझ्या पायांकडं बघून म्हणाले, "बाई, नीट सांगा. घाबरू नका."

मी सांगितलं. सगळं एका दमात, मिशीवाल्या गड्यापर्यंत. सांगताना माझे कान तापले होते. अण्णांनी लोंबत्या झाडाचा एक टकला घड तोडला आणि देठाचं टोक डोळ्यांजवळ नेलं. मग दुसरा घड तोडून त्याचाही देठ बघितला.

सर मात्र ऐकेनात. बाया मधे मधे चुकल्या असतील, ते म्हणाले, पण अकरा बाया एकाच झाडावर सारख्याच चुकणार नाहीत. असं कुठल्या पुस्तकात नाही. गोष्ट ऐकून हात कसा चुकेल, हात वेगळा आणि कान वेगळा. तोडायचं ते आजच तोडा. अण्णा दोघांच्या मध्ये उभे, एकीकडं शिकलेला माणूस आणि एकीकडं माझे पाय.

हिरामावशी पुढं झाली. ती म्हणाली, बांधाकडची दोन झाडं विरळायची राहिलीत. सरांनी स्वतः कात्री घ्यावी, अण्णांनीही घ्यावी. इंदू गोष्ट सांगंल. नाय चुकला हात, तर खुशाल तोडा.

इंदू म्हणजे मी. बायांना सांगणं वेगळं. आणि मला दिसत होतं की चुकायचं नाही असं ठरवून माणूस ऐकायला बसला की तो ऐकतच नाही. सर तसेच उभे राहिले, दात आवळून, एकेक मणी मोजत. त्यांच्यापुढं साधी गोष्ट चालणार नव्हती, आणि ती चालली नाही तर दहा झाडं जाणार होती. मी दोन ओळी पलीकडं गेले, तोंड पानांत घातलं आणि जे सुचलं ते सांगायला लागले.

एक मुलगा होता. शिकलेला, हुशार. त्याला सगळं मोजायची सवय. मुली बघायला जायचा तेव्हा खिशात चिमटा न्यायचा. पहिल्या मुलीचं नाक मोजलं, थोडं जास्त भरलं. दुसरीच्या दोन भुवयांत फरक निघाला. तिसरीनं पोहे आणले, त्यानं पोहे मोजले.

टोळीतून हसण्याचा आवाज आला. सरांची कात्री चालू होती, पण तिची चाल बदलली.

चौथीकडं कुणी त्याला चहासुद्धा विचारला नाही, कारण कीर्ती आधीच पोचली होती. मग तो पाचव्या घरी गेला. पाचवी मुलगी बाहेर आली, त्याच्यासमोर बसली, हात पुढं केला आणि म्हणाली, तो चिमटा इकडं द्या. आधी मी तुम्हाला मोजते. त्यानं चिमटा दिला. तिनं त्याच्या कपाळाला लावला, आकडा बघितला, आणि आईला आत हाक मारली.

इथं मी थांबले. ठरवून थांबले नाही, मला पुढचं सुचलंच नाही. त्या दोन कात्र्या सोडल्या तर बागेत काही हलत नव्हतं. करवतवाला करवत मांडीवर घेऊन बांधावर बसला होता.

"मग?" सर म्हणाले. "किती आला आकडा?"

हिरामावशी त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या समोरचा घड बोटांत धरला. त्यावर नऊ मणी होते. त्याच्या शेजारी सात. अण्णांच्या समोर नुसता देठ होता, त्यांनी सगळाच घड साफ केला होता आणि अजून कात्री चालवत होते.

सरांनी चिमटा काढला, परत खिशात ठेवला. वही काढली, त्यात काही लिहिलं नाही. अण्णा करवतवाल्याला म्हणाले, "तू जेवून जा."

त्या राहिलेल्या दहा झाडांचा माल परदेशी गेला नाही. तो इथल्याच बाजारात गेला. मी एक घड खाऊन बघितला. झाकणाच्या जागचा होता, दाटलेला, आतले मणी आंबट. गोष्ट चांगली होती, द्राक्ष नव्हतं.

पुढच्या वर्षी अण्णांनी टोळीला पुन्हा बोलावलं. त्यांची अट होती की गोष्ट सांगा, पण तिच्यात काही घडता कामा नये. मी मावशीला वणीला नेलं. मग आत्याला. तिसऱ्या दिवशी सखूबाई म्हणाल्या, "ह्यापरीस शेळीवरून भांडू द्या." मग मी डब्याची जुनीच गोष्ट काढली. शेवट सगळ्यांना पाठ होता. तरी सगळ्या ऐकत होत्या, मिशीवाला आला तेव्हा पहिल्याइतक्याच हसल्या, आणि झाड सुरेख कापलं गेलं. तेव्हा मला कळलं की पुढं काय होणार ही ओढ हात एकदाच थांबवते. दुसऱ्यांदा बाया कशासाठी ऐकतात ते मला अजून सांगता येत नाही. आमटी चाखते तिथं कमळ दर वेळी "हं" म्हणते.

पण नवी गोष्ट लागतेच. त्यावर तोड हिरामावशीनं काढली. गोष्ट ऐन जागी आली की मी "कात्री खाली" म्हणायचं. सगळ्यांनी हात खाली घेऊन ते ऐकायचं, मग कात्र्या परत उचलायच्या. अण्णांनी कबूल केलं. त्या वेळी ते स्वतःही ठिबकची नळी तपासायला तिथंच येतात. आजवर त्या नळीत मी बिघाड पाहिलेला नाही.

अकरा जणींना एकत्र बसायला मांडवाखाली जागा नसते. जागा फक्त पहिल्या ओळीत आहे, नवव्या झाडाची. दहा झाडं वाचली हे मला सगळे सांगतात. पण त्या सकाळी मी करवतवाल्याला चहा पिताना बघत होते, करवतीचा आवाज ऐकत होते, आणि बोलले ते एक झाड गेल्यावर. अण्णांनी तिथं नवं रोप लावलं नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

तिथं वर पानं नाहीत. ऊन सरळ खाली येतं आणि सगळ्यांची तोंडं दिसतात, माझंही. गोष्टीतलं सगळ्यात अवघड ते मला तिथं बसून सांगावं लागतं. सगळ्या माझ्याकडं बघतात. मी तिथं उरलेल्या तुटक्या खोडाकडं बघून सांगते.